एका बैठकीत सहा फेकी

उभ्याने गोळा फेकणारा खेळाडू एक फेक करतो, वर्तुळातून बाहेर येतो, घाम पुसतो, कोचकडे बघतो, बाकीच्यांचं अंतर ऐकतो. मग पुन्हा त्याचा नंबर लागतो. बसून गोळा फेकणाऱ्याला ही उसंत नसते. त्याला लोखंडी फ्रेमवर बसवायचं, मांड्या नि पाय पट्ट्यांनी आवळायचे, फ्रेम जमिनीला घट्ट बांधली आहे ना ते बघायचं, यात वेळ जातो. प्रत्येक फेकीला हे सगळं नव्याने करत बसलं तर स्पर्धा संपायचीच नाही. म्हणून एकदा बसलं की वाट्याच्या सगळ्या फेकी सलग टाकायच्या. पॅरालिम्पिकच्या फायनलमध्ये अशा सहा. पहिली फसली तर का फसली याचा विचार करायलाही धड वेळ मिळत नाही, कारण दुसरी समोर उभी असते. सहा झाल्या की पट्ट्या सुटतात. मग बाजूला बसून इतरांचे आकडे बघत राहायचं. हातात काही उरत नाही.

३१ ऑगस्ट २०२१ ला टोकियोच्या प्रेक्षक नसलेल्या स्टेडियममध्ये भाग्यश्री माधवराव जाधव अशाच एका फ्रेमवर बसली होती. कोविडमुळे स्पर्धा वर्षभर पुढे गेलेली, खुर्च्या मोकळ्या. गट एफ-३४, गोळा तीन किलोचा. तिची सर्वोत्तम फेक ७ मीटर, क्रमांक सातवा. पहिली आली चीनची झोउ लिजुआन, तीही विश्वविक्रमासह.

सातवा क्रमांक ही बातमी होत नाही. पण भाग्यश्री मुखेड तालुक्यातल्या होनवडजची. नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडचा, बालाघाटाच्या उतारावरचा हा भाग. माळरान जास्त, पाणी कमी, आणि सुगी संपली की हैदराबाद, पुणे, नाहीतर ऊसतोडीच्या पट्ट्याकडे निघणारी माणसं. मुखेडहून नांदेडला एसटीने जायचं तरी अर्धा दिवस मोडतो. अशा गावातली बाई टोकियोच्या फ्रेमवर पोचते कशी, हा प्रश्न मला तिच्या जिद्दीच्या गोष्टीपेक्षा मोठा वाटतो. जिद्दीच्या गोष्टी आपल्याकडे रील्समध्ये भरपूर मिळतात. मागे वाद्य वाजतं, आणि तीस सेकंदांत माणूस अंथरुणातून उठून पदकापर्यंत पोचतो. त्या तीस सेकंदांत एक गोष्ट कधीच येत नाही. जिद्द दाखवायलासुद्धा आधी कुणीतरी खेळायला बोलवावं लागतं. ते बोलावणं होनवडजपर्यंत यायला किती वर्षं लागली आणि ते कुठून कुठून फिरत आलं, ते मला सांगायचं आहे.

त्याची सुरुवात इंग्लंडमधल्या एका इस्पितळात होते. लुडविग गुटमान हे जर्मन ज्यू मेंदूविकारतज्ज्ञ नाझींच्या तावडीतून निसटून १९३९ मध्ये इंग्लंडला आले. १९४४ मध्ये सरकारच्या सांगण्यावरून त्यांनी स्टोक मॅन्डेव्हिल इथे मणक्याला मार बसलेल्या सैनिकांसाठी वॉर्ड सुरू केला. त्या काळी कमरेखाली लुळा पडलेला माणूस फार दिवस जगत नसे. पाठीला जखमा व्हायच्या, लघवीचा संसर्ग व्हायचा, आणि डॉक्टरही हात टेकायचे. गुटमान यांनी रुग्णांना ठरावीक वेळाने कुशीवर वळवायची सक्ती केली, स्वच्छतेची सक्ती केली, आणि त्याच्या जोडीला खेळाचीही. चाकाच्या खुर्चीत बसून पोलो, मग बास्केटबॉल, मग तिरंदाजी. खेळ हा औषधाचा भाग होता, करमणुकीचा नव्हे.

२९ जुलै १९४८ ला लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी स्टोक मॅन्डेव्हिलच्या हिरवळीवर १६ जखमी सैनिकांनी, त्यात दोन स्त्रिया होत्या, तिरंदाजीची स्पर्धा खेळली. पॅरालिम्पिकचं मूळ हे. त्या दिवशी मुखेड भारतात नव्हतं. निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, रझाकारांच्या दहशतीत. संस्थान भारतात आलं १७ सप्टेंबरला, म्हणजे त्या तिरंदाजीनंतर सात आठवड्यांनी. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण तारखा शेजारी ठेवल्या की अंतर किती होतं याचा अंदाज येतो.

खेळाची ही वाट सैनिकांसाठी निघाली होती, हे ध्यानात ठेवा. देशासाठी जखमी झालेल्याला इस्पितळ मिळतं, पेन्शन मिळते, तिथे कुणीतरी त्याला पोहायला शिकवतं. भारतातही ती वाट त्याच दाराने आली.

मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. तरुणपणी सैन्यात भरती झाले, ईएमई या तांत्रिक शाखेत, आणि तिथे बॉक्सिंग खेळू लागले. १९६५ च्या युद्धात काश्मीरमध्ये विमानातून झालेल्या हल्ल्यात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, एक मणक्यात अडकली. मुंबईच्या नौदलाच्या ‘अश्विनी’ इस्पितळात उपचार सुरू असताना व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं गेलं. गुटमान यांनी सांगितलेलं तेच औषध, फक्त कुलाब्याच्या तलावात. १९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिम्पिकला भारताने पहिल्यांदा संघ पाठवला, त्यात पेटकर टेबल टेनिस खेळले. १९७२ मध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्ण जिंकलं. भारताचं हे पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. किंबहुना भारतीयाने ऑलिम्पिक वा पॅरालिम्पिकमध्ये जिंकलेलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. अभिनव बिंद्राचं २००८ मध्ये आलं, पेटकरांच्या ३६ वर्षांनी.

जाण्याच्या खर्चाला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांचा हातभार लागला. अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी ते जोडलेले होते. आज कुठलाही पॅरा खेळाडू विमानात बसतो तेव्हा सरकारी योजनेचं नाव घेतलं जातं. १९७२ मध्ये एका निवृत्त फलंदाजाच्या मनात आलं, म्हणून ते सुवर्ण आलं.

आणखी एक तपशील. १९७२ चं ऑलिम्पिक म्युनिकला होतं, पण पॅरालिम्पिक हायडेलबर्गला हलवावं लागलं. कारण म्युनिकचं खेळाडूंचं निवासस्थान ऑलिम्पिक संपल्या संपल्या फ्लॅट म्हणून विकायचं होतं, बांधकामाला वेळ हवा होता. १९८० मध्ये मॉस्कोने पॅरालिम्पिक घ्यायला नकार दिला, ते नेदरलँड्सच्या आर्नहेमला झालं. १९८४ मध्ये इलिनॉय विद्यापीठ व्हीलचेअरवरच्या खेळांचं यजमान होतं, त्यांच्याकडे पैसे जमले नाहीत. मग ते खेळ घाईघाईने स्टोक मॅन्डेव्हिललाच परत नेले आणि बाकीचे न्यूयॉर्कला झाले. ज्या खेळांना स्वतःची जागाच ठरलेली नव्हती, त्यांच्या खेळाडूंना संधीची काय शाश्वती असणार?

भारताने तर १९७६ आणि १९८० ला संघच पाठवला नाही. सुवर्ण जिंकून दिलेल्या देशाने पुढची बारा वर्षं जायचंच सोडून दिलं. त्या बारा वर्षांत कुणी तरुण हात-पाय गमावून बसला असेल, मनातून धावत असेल, तर त्याचं ऐन खेळायचं वय त्यातच संपलं. अशांचं नाव कुठल्याच यादीत सापडणार नाही, कारण यादीच नव्हती. १९८४ ला भारत परत गेला आणि चार पदकं आली. भीमराव केसरकर यांचं भालाफेकीत रौप्य, आणि उरलेली तीन एकट्या जोगिंदर सिंग बेदी यांची, त्यात गोळाफेकीचंही एक. मग पुन्हा वीस वर्षं शुकशुकाट.

त्या शुकशुकाटाच्या शेवटच्या काळात मी शाळेत होतो. आमच्या वर्गात पोलिओ झालेला एक मुलगा होता. डावा पाय वाळलेला, गुडघ्यावर हात दाबून चालायचा. खेळाचा तास आला की गुरुजी त्याला लिंबाखाली बसवत आणि आमची दप्तरं सांभाळायला सांगत. यात दुष्टपणा नव्हता, उलट त्याला काम मिळालं म्हणून सगळ्यांना बरंच वाटायचं. त्याचे खांदे आमच्या कुणाहीपेक्षा दणकट होते. शेतावर मोटर चालू करायला जाताना तो बांधावरून हाताच्या जोरावर चढायचा. गोळाफेकीचा गोळा शाळेत होता, तोही होता, पण दोघांची गाठ घालून द्यायचं कुणाला सुचलं नाही. सुचणार तरी कसं? बसून गोळा फेकतात हे मुखेडमध्ये कुणी पाहिलेलं नव्हतं. तालुक्याच्या स्पर्धा, मग जिल्हा, मग लातूर विभाग, मग राज्य, अशी जी शिडी आम्हा सगळ्यांना पाठ होती, तिच्यात त्याच्यासाठी पायरी नव्हती.

पोलिओची शेवटची केस देशात २०११ च्या जानेवारीत सापडली आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. म्हणजे त्या मुलाच्या पिढीतले खेळाडू आता पुन्हा होणार नाहीत. जे होते त्यांतले बहुतेक दप्तरंच सांभाळत राहिले. थोडेजण सुटले. २००४ च्या अथेन्समध्ये पॉवरलिफ्टिंगचं कांस्य घेणारा पंजाबचा राजिंदर सिंग राहेलू हा पोलिओ झालेलाच.

त्याच अथेन्समध्ये राजस्थानच्या देवेंद्र झाझरियाने भालाफेकीत सुवर्ण जिंकलं, पेटकरांनंतरचं पहिलं. लहानपणी झाडावर चढताना विजेची तार लागून त्याचा डावा हात गेला होता. संधी या शब्दाचा अर्थ मला कुणी शिकवला असेल तर त्याने. कारण अथेन्सनंतर त्याच्या गटाची, एफ-४६ ची, भालाफेक पॅरालिम्पिकमधून काढून टाकली गेली. २००८ ला बीजिंगमध्ये नव्हती, २०१२ ला लंडनमध्ये नव्हती. पॅरा खेळांत हे होतं. गट अनेक, दिवस मोजके, म्हणून दर वेळी काही गट गाळले जातात. सर्वोत्तम खेळाडू असूनही तुमचा खेळच कार्यक्रमात नसतो. झाझरिया या काळात सराव करत राहिला. २०१६ ला रिओमध्ये गट परत आला, तो ३५ वर्षांचा झाला होता, आणि त्याने ६३.९७ मीटर भाला फेकून स्वतःचाच विश्वविक्रम मोडत सुवर्ण घेतलं. बारा वर्षांनी मिळालेली एक दुपार त्याने वाया जाऊ दिली नाही.

रिओच्या आधी तर संघ जाईल की नाही हीच शंका होती. २०१५ मध्ये जागतिक पॅरालिम्पिक संघटनेने भारतीय समितीला निलंबित केलं. गाझियाबादच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळाडूंना अर्धवट बांधलेल्या इमारतीत उतरवलं गेलं होतं, त्याचे फोटो सगळीकडे गेले. निलंबन २०१६ मध्ये, रिओला काही महिने उरले असताना उठलं. मैदानावर घाम गाळणाऱ्याचा याच्याशी काय संबंध? काही नाही. पण भोगायचं त्यानेच.

रिओला भारताचे १९ खेळाडू गेले आणि चार पदकं आली. त्यातलं एक दीपा मलिकचं, गोळाफेकीत, ४.६१ मीटर, रौप्य. पॅरालिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. १९६८ पासून २०१६, म्हणजे ४८ वर्षं लागली. दीपाच्या मणक्यातल्या गाठीवर १९९९ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि छातीखालचं शरीर बधिर झालं, तेव्हा तिचा नवरा कारगिलच्या युद्धात होता. पुन्हा सैन्यच. तिची मेहनत यामुळे कमी होत नाही. पण गुटमान यांचे तिरंदाज, पेटकर, मलिक कुटुंब अशी ओळ लावली की दिसतं, शरीर निकामी झाल्यावरही पुढे काहीतरी आहे ही बातमी आधी छावणीच्या आत पोचायची. छावणीबाहेरच्या माणसाला ती कळायला फार वेळ लागला. धडधाकट खेळाडूंचंही आमच्या भागात वेगळं नाही. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेला पायी आणि पळत जायचा, पण स्टीपलचेज त्याला भेटली महार रेजिमेंटमध्ये गेल्यावर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाची मक्तेदारी मोडून त्याने रौप्य घेतलं तेव्हा मराठवाडाभर स्टेटस लागले होते.

मुलींना ती सोयही नव्हती. धाराशिवच्या सारिका काळेने खो-खोत भारताचं कर्णधारपद केलं, २०२० चा अर्जुन पुरस्कार घेतला. घरची परिस्थिती अशी होती की खेळ सुरू केला तेव्हा दोन वेळचं जेवणही नक्की नसायचं. तरी खो-खोला निदान मैदान लागतं, दोन खांब लागतात, आणि ते गावोगाव आहेत. बसून फेकायच्या गोळ्याला फ्रेम लागते, वेल्डिंग करणारा लागतो, बांधून देणारा माणूस लागतो, आणि तुम्हाला अमुक गटात बसवणारा डॉक्टर लागतो.

भाग्यश्रीचा जन्म १९८५ चा. विशीच्या सुरुवातीला, लग्नानंतर, तिच्या पायांतली शक्ती गेली. ते कशामुळे, यावर वर्तमानपत्रांनी पुष्कळ लिहिलं आहे आणि मुलाखतकार दर वेळी तिला तेच विचारतात. मला ते इथे पुन्हा उगाळायचं नाही. तिची ओळख तिच्यावर जे ओढवलं त्याने ठरावी, हे मला पटत नाही. एवढं पुरे की ती मैदानात उतरली तेव्हा तिशी ओलांडलेली होती. ज्या वयात आमच्याकडे बाईला ‘आता पोरांचं बघ’ म्हणतात, त्या वयात तिने गोळा हातात घेतला. मला वाटतं खेळाडूचं वय जन्मतारखेपासून मोजूच नये, पहिल्या सरावापासून मोजावं. तसं मोजलं तर टोकियोत ती चार-पाच वर्षांची होती.

काळ तिच्या बाजूने थोडा वळला होता. २०१६ मध्ये अपंग हक्कांचा नवा कायदा आला, जुन्या कायद्यातले सात प्रकार वाढून २१ झाले, आणि खेळात सामावून घेण्याची जबाबदारी सरकारवर लिहून आली. त्याच सुमारास ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ शब्दही आला. शब्दाने किती फरक पडतो कोण जाणे. आमच्याकडच्या बसस्टँडवर अजूनही जुनेच शब्द ऐकू येतात, आणि ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. पण दिव्यांगांच्या राज्यस्तरीय, राष्ट्रीय स्पर्धा नीट होऊ लागल्या, टोकियोपर्यंत आर्थिक मदतीच्या योजना खेळाडूंपर्यंत येऊ लागल्या, आणि फोनवर पॅरालिम्पिक दिसू लागलं. ही शेवटची गोष्ट छोटी वाटते, पण माझ्या वर्गातल्या त्या मुलाला नेमकी तीच मिळाली नव्हती. बसून गोळा फेकणारं माणूस त्याने पाहिलंच नव्हतं.

आता एफ-३४ म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे आकडे नीट कळतील. ‘एफ’ म्हणजे मैदानी फेकीचे खेळ. ३१ ते ३८ हे गट मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या हुकमात बिघाड असलेल्यांचे. स्नायू नको तेव्हा आवळतात, हवे तेव्हा ढिले पडत नाहीत, किंवा हालचाल थरथरते. ३१ ते ३४ बसून खेळतात, पुढचे उभ्याने. ३४ मध्ये हात बरेच चालतात, कमरेखाली मात्र अडचण मोठी. फ्रेमची उंची उशीसकट ७५ सेंटीमीटरपेक्षा जास्त चालत नाही. गोळा सुटेपर्यंत बैठक सुटता कामा नये. जरा उचकलात की ती फेक बाद. गोळाफेकीतला बहुतेक जोर पायांतून येतो, जमिनीला रेटा दिला की तो कमरेतून खांद्यात चढतो. इथे तो मार्गच बंद. जे करायचं ते पाठ, खांदा आणि मनगटाने, तेही बैठक न उचलता. थंडी असेल तर स्नायू आणखी आवळतात, आणि मन घाबरलं तरीही. म्हणजे शांत राहणं हा इथे स्वभावाचा गुण नसून तंत्राचा भाग आहे. सहा फेकी सलग टाकताना शरीर तिसऱ्या-चौथ्या फेकीपासून कुरकुरायला लागतं.

टोकियोत ७ मीटर. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ७.५४ मीटर, रौप्य. मे २०२४ मध्ये जपानच्या कोबेला जागतिक स्पर्धेत ७.५६ मीटर, पुन्हा रौप्य. अडीच-पावणेतीन वर्षांत ५६ सेंटीमीटर. यातली शेवटची वाढ बघा, सात महिन्यांत दोन सेंटीमीटर. बोटाच्या पेराएवढी. पण या खेळात सराव असाच दिसतो. रोजचे शेकडो गोळे मिळून शेवटी पेरभर सरकतात.

२८ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये पॅरालिम्पिकचं उद्घाटन स्टेडियममध्ये न होता शहराच्या मधोमध, प्लास द ला काँकॉर्दवर झालं. भारताचे ८४ खेळाडू, त्यांत ३२ स्त्रिया. झेंडा दोघांच्या हातात होता. एक हरियाणाचा सुमित अंतिल, भालाफेकीचा विजेता, रस्ता अपघातात पाय गमावलेला, वडील हवाई दलात होते. दुसरी भाग्यश्री. मुखेडला तेव्हा मध्यरात्र होत आलेली. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तोच फोटो या फोनवरून त्या फोनवर जात होता, आणि होनवडज नेमकं कोणत्या रस्त्याला यावर लोक एकमेकांना दुरुस्त करत होते.

स्पर्धा ४ सप्टेंबरला झाली. सहा फेकी, सर्वोत्तम ७.२८ मीटर, पाचवा क्रमांक. त्याच दिवशी आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीने उभ्याच्या गटात, एफ-४६ मध्ये, १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य घेतलं. पेटकरांचाच सांगली जिल्हा. साहजिकच मराठी वर्तमानपत्रांची पहिली पानं सचिनची होती, आणि ती त्याचीच असायला हवी होती. एकूण २९ पदकं आली, भारताची आजवरची सर्वाधिक. भाग्यश्रीचा पाचवा क्रमांक आतल्या पानावर गेला.

मी मात्र त्या दोन आकड्यांपाशी अडकलो. कोबेत ७.५६, पॅरिसमध्ये ७.२८. फरक २८ सेंटीमीटर. शाळेच्या फूटपट्टीपेक्षा दोन सेंटीमीटर कमी. स्वतःचा सर्वोत्तम आकडा सर्वात मोठ्या दिवशी न निघणं हे खेळाडूला किती खुपत असेल, हे सांगायला मी कोण? पण एवढं दिसतं की टोकियोतल्या सातव्या क्रमांकावरून ती पाचव्यावर आली, तेही ३९ व्या वर्षी. आणि दुसऱ्या पॅरालिम्पिकच्या त्या सहा फेकी मिळवण्यासाठी मधली तीन वर्षं कुठेही थांबून चाललं नव्हतं. गावापासून सरावाच्या मैदानापर्यंत, मैदानापासून निवड चाचणीपर्यंत, चाचणीपासून दूतावासाच्या व्हिसापर्यंत, प्रत्येक ठिकाणी व्हीलचेअर उचलून धरणारं कुणीतरी लागतं. एसटीच्या पायऱ्या तुम्हाला माहीतच आहेत.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गावी होतो तेव्हा शाळेच्या मैदानावर टेपने ७ मीटर ५६ सेंटीमीटर मोजलं आणि फक्कीने रेघ ओढली. मोबाईलवर भाग्यश्रीची फेक दाखवल्यावर जमलेली पोरं म्हणाली, एवढंच? मग प्लास्टिकची खुर्ची आणली. तीन किलोचा गोळा शाळेच्या खेळाच्या खोलीत होताच. पाय ओढणीने खुर्चीला बांधले, बूड उचललं तर बाद, आणि सहा फेकी सलग, असं ठरलं. पहिला बसला तो तालुक्याला गोळाफेकीत नंबर आणलेला नववीतला पोरगा. पहिल्याच फेकीला खुर्ची त्याच्यासकट मागे कलंडली. मग दोघांनी मागून खुर्ची धरली. त्याची सर्वात लांब फेक साडेतीन मीटरला पडली, आणि चौथ्या फेकीनंतर त्याचा खांदा भरून आला.

मग सातवीतली एक मुलगी बसली. तिने आधी गोळा मांडीवर ठेवला, ओढणी स्वतः घट्ट केली, आणि विचारलं, ‘पाय चालत नसल्यावर जोर आणायचा कुठून?’ मी पाठीकडे बोट दाखवलं. तिची पहिली फेक दोन मीटर, शेवटची तीन मीटरला बोटभर कमी. सहा झाल्या की उठायचं ठरलं होतं. ती उठायला तयार नव्हती, आणि मागे रांगेत अकराजण होते, त्यामुळे सातव्या फेकीवरून बरंच भांडण झालं.